मागून आणलेला विस्तव

लिंबाजी, तुझ्या दहाव्याला कावळा शिवला नाही. तुला ते कळलं असेलच. नसेल कळलं तर ऐक, आणि हसू नकोस.

ओढ्याच्या काठी तुझ्या दोन्ही पोरांनी पिंड मांडले होते. गावातली तीस-चाळीस माणसं उन्हात उभी. समोरच्या बाभळीवर मोजून पाच कावळे, आणि एकही खाली उतरेना. थोरल्यानं हात जोडून सांगितलं, "बाबा, मेंढरं इकणार न्हाई." कावळे ढिम्म. धाकटा म्हणाला, "तुझं कुत्रं संगट नेतो, वाऱ्यावर सोडत न्हाई." एक कावळा उडाला आणि दुसऱ्या फांदीवर जाऊन बसला. मग भागूकाकू पदर सावरत पुढं झाली. "लिंबादादा, इस्तवाची पाळी मी मोडू देत न्हाई. जिवात जीव हाय तवर." तरी नाही. लोक एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. तुझं काय राहिलं होतं ते त्या सगळ्या गर्दीत एकट्या मला ठाऊक होतं, आणि मी तोंड उघडलं नाही. शेवटी ऊन चढलं, लोकांची कामं खोळंबली, तेव्हा दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे आपापल्या घरी गेले.

त्यानंतर दोन दिवस मी कुणाशी धड बोललो नाही. आज बोलतो आहे, कारण आज सकाळी सांगण्यासारखं काहीतरी माझ्या हातून घडलं. पण ते क्रमानं सांगेन. जिवंत असताना तू माझं बोलणं कधी शेवटापर्यंत ऐकून घेतलं नाहीस. आता ऐकावं लागेल.

आपली जोडी कशी जमली हे गावाला कोडंच होतं. मी वैद्य. बापानं शिकवलेल्या दोन पोथ्या पाठ, मोडी येते, बाळबोध येते, आणि या सगळ्याचा ताठा भारी. तू धनगर. अक्षराशी तुझी ओळख नव्हती, पण दोनशे मेंढरं तू तोंडावरून ओळखायचास आणि संध्याकाळी एखादं कमी असलं तर न मोजता सांगायचास, कुठलं ते. माझ्या औषधांवर तुझा काडीचा विश्वास नव्हता. मी दिलेला काढा तू दारातल्या लिंबाच्या बुंध्याशी ओतायचास आणि वर म्हणायचास, "ह्यो लिंब आदी गोड व्हता बे वैद्या, तुझ्या काढ्यानं कडू झाला." चाळीस वर्षं तू हा एकच विनोद केलास आणि चाळीस वर्षं मी त्यावर चिडलो. काल त्या लिंबाखालून गेलो तर डोळे भरून आले. चिडायला आता कुणी राहिलं नाही.

तुझे गुडघे गेले त्या वर्षापासून पोरं तुला मेंढरांमागं नेईनात. सुगी संपली की ती कळप घेऊन गंगथडीला, गोदेच्या काठाला, उतरायची, ती आखाडाच्या तोंडालाच परत. मागं तू आणि तुझं म्हातारं कुत्रं. पण सवय कुठं जाते? संध्याकाळी पारावर बसून तू माणसं मोजायचास. "आज दोन कमी हायती," म्हणायचास. लोक हसायचे. मीही हसायचो.

मानमोडीच्या तापाच्या साथीनं आपलं गाव अर्धं केलं. साऱ्या मोगलाईत, निजामाच्या मुलखात, तेच झालं म्हणा, पण आपल्याला आपलं गाव. माझ्या दारात रोग्यांची रांग आणि आत बायको तापानं फणफणलेली. मी तिची पुडी बांधत होतो, तेवढ्यात ती गेली. लेक कौसा दिंद्रुडला दिलेली. ती म्हणाली, "बाबा, चला माझ्याकडं." लेकीच्या दारी जाऊन राहायचं मनाला पटेना, म्हणून मी नाही म्हणालो. साथ ओसरली तेव्हा आपल्या बोळात पाच दारं होती आणि पाच दारांआड पाच एकटी म्हातारी माणसं. तू, मी, साऱ्या गावाची काकू असलेली भागू, पिंजाऱ्याची विधवा हलिमाबी आणि तुका सुतार.

त्या दिवसांत माझं काय चाललं होतं ते तुला दिसत होतं, मला दिसत नव्हतं. सकाळी थापलेली भाकर मी दुसऱ्या दिवशी संपवायचो. झोप पहाटे लागायची. वार कुठला ते आठवायला बाजार आठवावा लागे. छातीत एकदम धडधड व्हायची, मग मी आपलीच नाडी धरून बसायचो आणि वात म्हणावा की पित्त, याचा विचार करायचो. एकदा तसाच बसलो असताना तू दारात उभा राहिलास.

"कावून बे, सोताचीच नाडी धरून बसला? दुसरं कुणी घावलं न्हाई का?"

मी म्हणालो, प्रकृती बिघडली आहे. तू आत येऊन बसलास, इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्यास, माझ्याच चुलीवर पिठलं टाकायला लावलंस आणि आपण दोघं जेवलो. त्या दिवशी धडधड झाली नाही. मी वैद्य असून मला वाटलं, पिठल्यातल्या हिंगाचा गुण आला.

भागूकाकूचं दुखणं माझ्या लेखी सरळ होतं. अन्न जात नाही, पायावर सूज, बोलता बोलता धाकट्या जावेचं नाव विसरते. मी सुंठ दिली, हिंगाष्टक दिलं, अश्वगंधा दिली. गुण येईना तशी वर्षभर औषधं बदलत राहिलो. तू एक दिवस म्हणालास, "वैद्या, मेंढरू कळपातून काडून येकलं बांद. म्होरं हिरवा पाला टाक. खातंय का बघ."

"माणूस म्हणजे मेंढरू नव्हे," मी म्हणालो.

"न्हाई," तू म्हणालास. "मेंढरू वरडतं तरी."

अडाण्याच्या तोंडी काय लागायचं, असं मनात म्हणालो. हे आज कबूल करायला मला लाज वाटते, पण करतो.

मग तुका सुतार गेला. दोन दिवस त्याचं दार लावलेलं होतं. मला वाटलं, नेकनूरच्या बाजाराला गेला असेल. भागूकाकूला वाटलं, तापानं पडला असेल, वैद्यबुवा बघत असतील. हलिमाबीला वाटलं, मी बाईमाणूस, मी कसं विचारू? त्याची शेळी धारेवाचून ओरडायला लागली तेव्हा कुठं माणसं आत गेली. तू त्या दिवशी घास घेतला नाहीस. पारावर सगळ्यांदेखत, पोलीस पाटलासमोर, तू म्हणालास, "मेंढरू हरवलं तर आमाला दिस बुडायच्या आत ठावं व्हतं. माणूस हरवलं अन् दोन दिस कुणाला खबर न्हाई. आपुन माणसं हाव का कोण हाव?" पाटलानं मान खाली घातली. आवाज चढवलेला तुला मी तेव्हा एकदाच पाहिला.

दुसऱ्या दिवशी तू आम्हा तिघांच्या घरी येऊन आगपेट्या मागून नेल्यास.

आपल्या आयांना आगपेटी ठाऊक नव्हती. रात्री चुलीत गोवरी पुरायची, सकाळी राख उकरायची, आणि विझलं असेल तर खापर घेऊन शेजारी विस्तव मागायला जायचं. विस्तवाबरोबर गावभरची खबर यायची. कुणाची म्हैस व्याली, कुणाचं पोर पडलं, कुणाची सून रुसली. मग बाजारात आगपेटी आली. काडी ओढली की चूल पेटली, दाराबाहेर पडायचं कारण उरलं नाही. सोय झाली, कोण नाही म्हणेल? त्या सोयीत सकाळची एक फेरी बुडाली, हे मात्र फक्त तुझ्या लक्षात आलं.

"आजपून राती येकच चूल जिती ऱ्हाईल, वैद्याची," तू हुकूम सोडलास. "त्येचा काढा तसाबी दिसरात उकळतोय. सकाळच्याला त्येच्याकडून मी इस्तू नेणार, माझ्याकडून भागू, भागूकडून हलिमाबी. जो मागाया आला न्हाई, त्येच्या दारात जायचं. जो दार उघडीना, त्येचं दार मोडायचं. समजलं?"

भागूकाकू म्हणाली, "अन् इटाळ?"

"इस्तवाला कसला आलाय इटाळ? त्यो समद्यालाच जाळतो."

खरी अडचण विटाळाची नव्हतीच. हलिमाबीच्या नवऱ्यानं कधीकाळी भागूकाकूच्या गादीत कापूस कमी भरला होता, असं काकूचं म्हणणं. तेव्हापासून बारा वर्षं त्या दोघींत विस्तव जात नव्हता. आणि तू नेमकं त्यांनाच शेजारी बसवलंस. मी म्हणालो, दुसरी पाळी लाव. तू म्हणालास, दोन मारक्या मेंढ्या शेजारी बांधल्या की दोघीही जाग्या राहतात.

पहिले तीन दिवस हलिमाबी खापर पुढं करायची, काकू तोंड फिरवून निखारा टाकायची. चौथ्या दिवशी निखारा वाटेतच विझला आणि हलिमाबी परत आली. काकूला राहवलं नाही. "गवरी वली हाय तुझी. कुठं ठिवती?" बारा वर्षांतलं हे पहिलं वाक्य. हलिमाबी म्हणाली, "छप्पर गलता ना, कहाँ रखूं?" काकू तिच्याबरोबर जाऊन छप्पर बघून आली. महिन्याभरात गादीचं भांडण पुन्हा सुरू झालं, पण आता ते रोज सकाळी, समोरासमोर बसून, चवीनं. किती शेर कापूस होता यावर दोघी तासभर वाद घालायच्या आणि मग काकू घरी जाऊन दोन भाकरी खायची. पायाची सूज पुरती गेली नाही, खोटं कशाला बोलू? त्याला माझं औषध अजून चालू आहे. पण जावेचं नाव आठवायला लागलं आणि सोबत तिची सगळी उणीदुणीही आठवायला लागली.

महसुलाचे गिरदावर साहेब दौऱ्यावर आले होते ते आठवतं? चावडीसमोरून चार म्हातारी माणसं खापरं घेऊन इकडून तिकडं जाताना बघून त्यांनी विचारलं, "ये क्या तमाशा है?" पाटील ततपप करायला लागला. तू रामराम घालून म्हणालास, "हुजूर, हजेरी हाय." साहेबांनी विचारलं, कसली हजेरी? "जित्या माणसांची, साब." साहेब पोट धरून हसले आणि पुढच्या खेपेला त्यांनी मुद्दाम विचारलं, "क्यों बुढ्ढे, हजेरी पूरी है?" तू छाती काढून म्हणालास, "पुरी हाय."

आणि मी? मला तर रोज उजाडताच उठावंच लागे. तू येशील, खापर आपटशील, "जिता हाय का बे वैद्या?" म्हणून ओरडशील. ते तुझं ओरडणं मला पहिले काही दिवस अभद्र वाटायचं. मग मी तू यायच्या आधी अंगण झाडायला लागलो. मग भाकर रोजची रोज थापायला लागलो, कारण तू शिळ्या भाकरीवरून टोचून बोलायचास. झोप कधी परत आली ते कळलंही नाही. पोथीत वाताचे ऐंशी विकार लिहिले आहेत. एकटेपणाचं दुखणं त्यात नाही, आणि त्यावरचा इलाज तर नाहीच नाही. तो तू केलास. माझ्यावर केलास, आणि मी तुला एकदाही बोलून दाखवलं नाही. तू मला जगवलंस, लिंबाजी. हे वाक्य समोर बसून म्हणायला हवं होतं.

पण आपला एक वाद राहिलाच. तुझं म्हणणं होतं की ही पाळी अर्धी आहे. मी सगळ्यांना देतो, मागत कुणाकडं नाही. हलिमाबी मागते, तिच्याकडं मागायला कुणी येत नाही. "मेंढवाडा गोल लागतोय वैद्या," तू म्हणायचास. "येक बाजू उघडी ठिवली की तिकडूनच लांडगा येतो." तुझा बेत सोपा होता. माझी चूल रात्री विझू द्यायची. हलिमाबीनं संध्याकाळी भागूकाकूकडून विस्तव न्यायचा, स्वयंपाक करून तो पुरून ठेवायचा, आणि सकाळी मी तिच्या दारी खापर घेऊन जायचं. म्हणजे कुणी नुसतं देणारं नाही आणि कुणी नुसतं मागणारं नाही.

मी शंभर सबबी सांगितल्या. काढा थांबेल. रोगी खोळंबतील. औषधाच्या चुलीला सोवळं लागतं. तू म्हणालास, "सोवळं न्हाई आडवं येत, तुझं नाक आडवं येतंय." खरं तेच होतं. मागणं मला जमत नव्हतं. बायको गेली तेव्हा मी कुणाच्या खांद्यावर रडलो नाही, लेकीनं बोलावलं तर गेलो नाही. देणारा हात वर असतो. तो खाली करायची मला सवय नव्हती.

आणि मग ती काडी. मला हिवताप आला, पहाटे डोळा लागला, उठलो तो उजाडून गेलेलं आणि चूल गार. तू बोळातून येताना दिसलास. मी औषधाच्या पेटीत तळाशी लपवून ठेवलेली आगपेटी काढली. हो, एक ठेवली होती, तुझ्यापासून चोरून. घाईघाईनं काडी ओढली, पाचट पेटवलं, गोवरी धरली. तू आलास, उंबऱ्यातच थांबलास आणि नाक वर करून वास घेतलास. रानात लांडग्याचा वास घेणारं नाक ते.

"गंधक," तू म्हणालास.

मी पाचट चुलीत सारत राहिलो.

"चूल इझलती तर शेजारी यायचं. चार पावलं हायती. मागाया लाज वाटली, आं?" मग हळू आवाजात म्हणालास, "तू देतो लई, वैद्या. मागतो कवा? देणाराबी येकलाच असतोय बे."

तू माझा विस्तव घेतला नाहीस. रिकामं खापर घेऊन तसाच वळलास आणि पलीकडच्या आळीत मागायला गेलास. तीन दिवस माझ्या दारात फिरकला नाहीस. ते तीन दिवस मी पुन्हा शिळी भाकर खाल्ली. चौथ्या दिवशी तू काही झालंच नाही अशा थाटात आलास, "जिता हाय का बे?" म्हणून ओरडलास, आणि मी अंगण झाडत होतो तो झाडू टाकून धावत आलो. आगपेटीचं नाव तू काढलं नाहीस, मीही नाही. सुंभ जळाला तरी पीळ गेला नव्हता माझा. वाद तिथंच राहिला.

त्यानंतर दोन महिने गेले. एका सकाळी मी अंगण झाडून बसलो आणि तू आला नाहीस. ऊन उंबऱ्याला लागलं तसा मी उठलो. मला कळलंच होतं. तुझं दार नुसतं लोटलेलं. कुत्रं तुझ्या पायाशी. तू घोंगडीवर भिंतीला टेकून बसलेला, आणि शेजारी खापर, त्यात गोवरी नीट बसवलेली. निघायच्याच बेतात होतास. हात लावला तर अंग अजून पुरतं गार पडलं नव्हतं. तुझ्याच हिशेबानं तू सापडलास. तुकासारखं तुला दोन दिवस पडून राहावं लागलं नाही. भागूकाकू आली, हलिमाबी आली, गंगथडीला पोरांकडं माणूस धाडला आणि आम्ही तिघं तुझ्याजवळ बसलो. रडताना मी भागूकाकूच्या खांद्यावर डोकं टेकलं, हे तू बघितलं असतंस तर चेष्टा करून करून बेजार केलं असतंस.

पण तुझ्या जाण्यानं मेंढवाड्याची एक बाजू पडली. भागूकाकू आता थेट माझ्याकडून विस्तव नेते. हलिमाबी मात्र यायची बंद झाली. पहिल्या दिवशी म्हणाली, गुडघा दुखतो. दुसऱ्या दिवशी काकूच विस्तव घेऊन गेली तर म्हणाली, "नक्को, भूक नईं." मी नाडी बघितली. नाडीत काही नव्हतं. मी पुडी बांधायला घेतली आणि हात थांबला. म्हटलं, हीच चूक मी भागूकाकूवर वर्षभर केली होती. मी विचारलं, "काय होतंय, हलिमाबी?" तर म्हणाली, "लिंबाभाई पूछते थे तो आती थी. मैं तो रोज की मांगनेवाली. मेरे चूल्हे का किसको क्या काम?" दहाव्याच्या आदल्या दिवशी तिनं हे म्हटलं. दुसऱ्या दिवशी कावळे बाभळीवर बसून राहिले आणि मी सगळ्यांसमोर उभा राहून गप्प बसलो. मला वाटलं, लोक काय म्हणतील, वैद्य विस्तव मागणार म्हणतो. तिकडं ती बाई अंथरुणाला खिळत चालली होती, लिंबाजी, आणि मी माझं नाक सांभाळत होतो.

काल सकाळी तुझी पोरं कळप घेऊन पुन्हा गंगथडीला निघाली. तुझं कुत्रं सोबत गेलं, त्याची काळजी करू नकोस. मी धाकट्याला थांबवलं आणि पेटीतली आगपेटी त्याच्या हातात दिली. "रानात लागेल," म्हणालो. मग भागूकाकूकडं गेलो. "काकू, संध्याकाळी हलिमाबीला विस्तव नेऊन द्या आणि सांगा, पुरून ठेव म्हणावं. सकाळी वैद्य मागायला येणार आहे."

"कोण?"

"मी."

"तुमी? मागाया?" काकू कंबरेवर हात ठेवून माझ्याकडं बघतच राहिली. मग तोंडाला पदर लावून हसली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली.

काल दिवेलागणीला मी काढ्याचं भांडं उतरवलं आणि चुलीत गोवरी पुरली नाही. तीस वर्षांत ती चूल मी जाणूनबुजून कधी विझू दिली नव्हती. आज उजाडलं तेव्हा राखेत बोट घातलं तर गार. खापर शोधायला वेळ लागला. माझ्या घरात खापर नव्हतंच, कशाला असेल? शेवटी फुटक्या रांजणाचा एक तुकडा घेतला, त्यात गोवरी ठेवली आणि बाहेर पडलो. तुझ्या दारावरून, काकूच्या दारावरून, बोळाच्या टोकापर्यंत. चार पावलं म्हणालास तू, पण मला ती वाट फार लांब वाटली. पाण्याला निघालेल्या बायका थांबून बघत होत्या. बघू देत म्हटलं.

हलिमाबीचं अंगण झाडलेलं होतं. ती दारात ओढणी डोक्यावरून घेऊन बसली होती. चार दिवस अंथरुणावरून न उठलेली बाई. मला बघून कपाळाला आठ्या घातल्या.

"देर कर दिए वैदजी. मैं कब की उठ के बैठी."

मी खापर पुढं केलं. आयुष्यभर 'घ्या' म्हटलेल्या तोंडाला दुसरं काही येईना. ती बघत राहिली, घाई केली नाही. शेवटी मी म्हणालो, "विस्तव द्या, हलिमाबी. माझी चूल विझली."

"पहले बैठो," ती म्हणाली.

मी बसलो. तिनं कौसाची चौकशी केली. तुझी आठवण काढली. गादीत पुरता कापूस होता याची मला शपथेवर खात्री दिली. मग भिंतीला धरून उठली, राख उकरली, लालबुंद निखारा चिमट्यानं उचलून माझ्या खापरात ठेवला. थोडा विचार करून आणखी एक ठेवला. "एक बुझ गया तो?" म्हणाली. तिचा चेहरा असा होता की जणू घरात कार्य आहे. मी निघालो तशी मागून ओरडली, "कल जल्दी आना!"

निखारे हातानं आडोसा करत घरी आणले. दारात भागूकाकू तिचं खापर घेऊन उभी. "किती उशीर! माझी भाकर खोळंबली नव्हं." मी चूल पेटवली, तिला विस्तव दिला. थोड्या वेळानं ती सांगत आली की हलिमाबीनं तिच्याकडून मूठभर पीठ मागून नेलं आणि भाकर थापायला बसली.

त्या विस्तवावर मीही भाकर केली. पहिला तुकडा मोडून परसातल्या भिंतीवर ठेवला. कावळ्याबिवळ्यावर माझा विश्वास नाही, ते तुला माहीत आहे. पण हात मागं घ्यायच्या आत तो आला आणि तुकडा घेऊन तुझ्या लिंबावर जाऊन बसला. मी म्हणालो, "कडू लागेल बे, सांभाळून खा."

आता पुरे करतो, लिंबाजी. कौसाला चिठ्ठी लिहायची आहे की चार दिवस येऊन जा, मला तुला बघावंसं वाटतं. तेही मागणंच आहे, आता जमेल. आणि उद्या लवकर उठायचं आहे. हलिमाबी वाट बघत बसेल.